सातवा पत्रा

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सुरुवातीला ‘पाया पडते’ लिहिलं की तू ‘आधी हात धुऊन ये’ म्हणतेस. म्हणून नुसतं एवढंच लिहिते की मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि हातांची शाई अजूनही निघत नाही.

आमच्या छापखान्यात गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई आली आणि जड लाकडी पेटी टेबलावर ठेवून गेली. आत तांब्याचे बारा पत्रे होते, प्रत्येक जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. ते तिच्या भावाचे. तो मागच्या वर्षी गेला. लढाईत तो जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणायचा, आणि त्याआधी पोटासाठी चित्रं कोरायचा. लढाईबद्दल कोरलेले हे बारा पत्रे त्यानं जन्मात एकदाही छापले नाहीत. आमच्या मालकीणबाईंनी ठरवलं की आपण छापायचे आणि मे महिन्यात प्रदर्शन करायचं. छापण्याचं काम माझ्याकडे आलं. आम्ही त्या माणसाला ‘स्ट्रेचरवाला’ म्हणतो.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. पत्र्यावर शाई फासायची, कोरलेल्या रेघांत ती जिरली की वरची पुसून काढायची, आधी कापडानं आणि शेवटी उघड्या तळव्यानं. मग वर ओलसर कागद ठेवून यंत्राच्या रुळाखालून काढायचं. पुसताना चित्र धड दिसत नाही. ते कळतं कागद उचलल्यावर.

पहिल्या पत्र्यात पाण्यासाठी रांग आहे. बादल्या आहेत, माणसं आहेत, आणि रांगेतला एक जण भिंतीला टेकून मेलेला आहे, तरी त्याचा नंबर कुणी घेतलेला नाही. तिसऱ्यात एक बाई मुलीचे केस विंचरते आहे. मला वाटलं, चला, एक तरी घरगुती चित्र आलं. मग मुलीचे पाय पाहिले. जिवंत पोर असे पाय ठेवत नाही. तो चेहरा मिनिटाभरापूर्वी मी माझ्या तळव्यानं पुसला होता. मी कागद खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. इतकी वर्षं छापते आहे मी, मावशी, फुलं, घोडे, लग्नपत्रिकांचे गणपती सगळं छापलं, पण असं कधी झालं नव्हतं.

आता तू बस. उभी असशील तर बस.

सातवा पत्रा वहीच्या पानाएवढा आहे. भिंतीशी सहा जण ओळीनं झोपवलेत. सगळ्यात पुढचा मला दादा वाटला, तुझा लेक. अकरा वर्षांपूर्वी ‘बेपत्ता’ असा कागद धाडून फौजेनं हात झटकले, तेव्हा मी वीस वर्षांची होते, चेहरा विसरण्याएवढी लहान नव्हते. चित्रातल्याची दाढी वाढली आहे, गाल बसलेत. पण त्याच्या एका कानाची पाळी फाटून शिवलेली आहे. दादाचा कोणता कान होता ते मला आठवेना.

सोबतच्या लिफाफ्यात त्याचा छापलेला ठसा आहे. उघडायचा की नाही ते तू ठरव. वहिनीला आत्ता सांगू नकोस. तुझ्या जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला मागणी घातल्याचं तू लिहिलं होतंस, आणि ती म्हणते ना, की दादा गेला असं पक्कं कळल्याशिवाय ती हो म्हणणार नाही. म्हणूनच आधी तू बघ.

तुझी
खारूताई


१२ फेब्रुवारी

खारूताईस आशीर्वाद, आणि शिवाय एक कान पिळलाय असं समज.

उघडलं. बघितलं. तो नाही.

दादाचा डावा कान. सातवीत असताना शिकवणीला दांडी मारून फाटकावरून उडी मारली आणि कडीत कान अडकला. डॉक्टर जेवायला गेले होते, म्हणून टाके मीच घातले. बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, शेकड्यांनी माणसं शिवली, पण पोटच्या पोराला शिवताना टाके वाकडे पडले. तुझ्या चित्रातल्याचा उजवा कान फाटलाय. म्हातारी झाले तरी डावा आणि उजवा मला अजून कळतो.

आता तुझ्या त्या स्ट्रेचरवाल्याबद्दल. माणसं अशी ओळीनं पडलेली असताना हा शेजारी बसून रेघा मारत होता? हातातलं स्ट्रेचर खाली ठेवून? अंगावर चादर तरी ओढायची. माझ्या वॉर्डात असा कुणी बसला असता तर मी त्याला बखोटीला धरून बाहेर काढला असता. आणि तुम्ही ते छापणार, चौकटीत घालणार, लोक येऊन मान वाकडी करून बघणार. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ज्या माउलीचा तो असेल तिला देव बळ देवो.

तुझ्या वहिनीला मी काही दाखवलं नाही. दाखवण्यासारखं आहे काय? कंपाउंडर माणूस चांगला आहे, मीच त्याला इंजेक्शन द्यायला शिकवलं. पण माझा मुलगा कुठेतरी असताना त्याच्या बायकोचं लग्न मी माझ्या हातानं कसं लावू? तो परत आला तर त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?

असले कागद पुन्हा पाठवू नकोस. मिरच्या पाठव, परवडतील.

मावशी


१९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

जीव भांड्यात पडला. तुझं पत्र यंत्राशेजारी उभ्या उभ्या वाचलं, कडेला शाईची बोटं उमटलीत.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. छापलं की चित्र उलटं येतं, आरशातल्यासारखं. पत्र्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे जातं. तुझं पत्र वाचून मनात आलं, की हा कानही उलटा झाला असेल तर? पण ते मी तपासलंय, घाबरू नकोस. स्ट्रेचरवाला फार काटेकोर होता. पाचव्या पत्र्यात स्टेशन आहे, गाडीच्या खिडक्यांतून नुसते हात बाहेर आलेत, आणि वर पाटी आहे. पाटीवरची अक्षरं त्यानं पत्र्यावर उलटी कोरलीत, म्हणून कागदावर सुलट वाचता येतात. दुकानाच्या पाट्या, हातावरचे बिल्ले, सगळं तसंच. जो अक्षरं सुलट आणतो तो कानही सुलटच आणणार. तेव्हा उजवा म्हणजे उजवाच.

तू चिडलीस ते बरोबर आहे. मीही चिडते. पण रोज बघून बघून एक गोष्ट लक्षात आली. बाराही पत्र्यांत बंदूक चालवणारा कुणी नाही. झेंडा नाही, तोफ नाही, घोड्यावरचा सेनापती नाही. लढाईचं चित्र म्हणून लहानपणी जे जे बघितलं त्यातलं काहीच नाही. नुसती माणसं, ज्यांच्या अंगावरून लढाई गेली.

सातवा पत्रा मालकीणबाईंचा लाडका झालाय. बाकीचे अकरा आम्लात बुडवून कोरलेत. हा नुसत्या सुईनं थेट तांब्यावर खरवडलाय, म्हणून त्याच्या रेघेला कडेनं उचकटलेल्या तांब्याची बारीक लव राहते आणि शाई मखमलीसारखी उमटते. पण ती लव नाजूक असते. दहा-पंधरा ठसे काढले की यंत्राखाली दबून जाते आणि चेहरे पुसट होत जातात. म्हणून मी ते हळूहळू, जपून काढते आहे.

वहिनीला माझा नमस्कार. आणि कंपाउंडरला एकदा घरी चहाला बोलाव ना, चहा प्यायला कुणाचं काय जातं?

तुझी
खारूताई


४ मार्च

प्रिय खारूताई,

तुला आलेल्या आजवरच्या सगळ्या लिफाफ्यांवरचा पत्ता आईंच्या हातचा, म्हणून माझं अक्षर बघून दचकशील. आईंना हे पत्र ठाऊक नाही.

महिन्याभरापूर्वी तुझ्याकडून एक मोठा सपाट लिफाफा आला. आई तो घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. दुपारभर बाहेर आल्या नाहीत. मी दार वाजवलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतायत. गुडघे दुखल्यावर आई कधी कडी लावत नाहीत, त्या सगळ्या गल्लीला सांगतात. तेव्हापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. दूध उतू जातं आणि त्या समोर उभ्या असतात. परवा मला म्हणाल्या, तू मला सोडून जाऊ नकोस. मी कुठे जाते आहे?

तो लिफाफा त्यांच्याबद्दल होता का? ‘त्यांच्या’ म्हणजे कुणाच्या ते तुला कळेल.

कंपाउंडर सरळ माणूस आहेत. त्यांनी घाई केली नाही, पण त्यांची बदली दुसऱ्या गावी होते आहे आणि जूनच्या आत जायचंय. मी त्यांना म्हटलं, मी विधवा असते तर हो म्हटलं असतं, नांदती असते तर नाही म्हटलं असतं, पण मी यातली कोण आहे तेच मला कुणी सांगितलेलं नाही. मी पस्तीस वर्षांची आहे, खारूताई. लग्न झाल्यावर त्यांच्यासोबत एकच वर्ष राहिले. बाकी सगळी वर्षं दाराकडे कान लावण्यात गेली.

तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारते.

वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तो लिफाफा म्हणजे आमच्या छापखान्यातला एक नमुना होता, लढाईवरच्या चित्राचा. मावशीला माझं काम दाखवावं म्हणून धाडला. चित्र भयंकर आहे, मी तिच्या वयाचा विचार करायला हवा होता. त्यामुळेच तिला दादाची आठवण येऊन त्रास झाला असेल.

दादाबद्दल नवीन काही कळलेलं नाही. कळलं तर तुला आधी सांगेन.

तू स्वतःला जप.

खारूताई


२४ मार्च

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मागच्या आठवड्यात आम्ही बाराही ठसे क्रमानं भिंतीवर लावून बघत होतो. सातव्याशेजारी आमचा कागदवाला उभा होता. त्याच्याशी बोलता बोलता माझी नजर त्याच्या शर्टावर गेली आणि मग चित्रावर. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते, बायकांची उलट. चित्रातल्या सहाही जणांची पट्टी बायकांसारखी होती. मी धावत जाऊन बाकीचे अकरा ठसे बघितले. त्यांत सगळ्या पुरुषांची पट्टी बरोबर. फक्त सातव्यात उलटी. इतकी वर्षं या धंद्यात आहे, लव राहिलेली रेघ रोज बोटानं चाचपत होते, सुईनं थेट खरवडलंय हे तुला मीच लिहिलं, पण थेट का खरवडलं हा प्रश्न मला पडला नाही. उंटावरच्या शहाण्यासारखं तुला उलट-सुलट समजावून सांगत बसले.

काल स्ट्रेचरवाल्याच्या बहिणीकडे जाऊन आले. तिला विचारायची गरज पडली नाही, सातवा पत्रा म्हटल्यावर ती स्वतःच बोलायला लागली. अकरा पत्रे त्यानं घरी परतल्यावर, वर्षभर बसून, आधी कागदावर चित्र काढून मग पत्र्यावर उलटं उतरवून केले. सातवा तो तिथूनच घेऊन आला होता, शर्टाच्या आत पोटाशी धरून. तिथे आम्ल नव्हतं, कागद नव्हता, उलटं-सुलटं करायला सवड नव्हती. एका सुईनं, समोर जसं दिसलं तसं त्यानं थेट खरवडलं. म्हणजे पत्र्यावर जे आहे ते खरं, आणि कागदावर आलं ते उलटं.

पत्र्यावर त्याचा डावा कान फाटलेला आहे.

मावशी, तो दादा आहे. ते ठिकाण सोडून दुसऱ्या दिवशी सगळे मागे पळाले, म्हणून त्या सहा जणांची कुठेच नोंद झाली नाही. स्ट्रेचरवाल्यानं मृतांच्या शेजारी बसून ते कोरलं, एवढंच ती म्हणाली.

मी तुला एकदा सांगितलं की तो आहे, मग म्हटलं की नाही, आणि आता पुन्हा सांगते की आहे. असं कुणी कुणाशी करू नये. माझ्यावर रागाव, पण वहिनीला सांग. तिनं मला विचारलं होतं आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोलले. ते खोटं लिहिताना मला वाटत होतं की ते खरंच आहे, पण आता तीही पळवाट राहिली नाही.

खारूताई


३० मार्च

खारूताई,

‘मृतांच्या शेजारी बसून’ असं तू लिहिलंस. ती ओळ पुन्हा लिही, आणि या वेळी खरी लिही.

मी रागावलेली नाही. रागवायला अंगात त्राण लागतं. पण माझी समजूत काढू नकोस, मी आयुष्यभर इतरांच्या नातेवाइकांची समजूत काढली आहे आणि ते शब्द कसे जुळवतात ते मला ठाऊक आहे.

मेलेल्या माणसाचे डोळे मी माझ्या बोटांनी मिटले आहेत, किती ते मोजलेलं नाही. उघडे राहिलेले डोळे कुठेच बघत नाहीत. चित्रातल्या पुढच्याचे डोळे बघतायत. चित्र काढणाऱ्याकडे बघतायत. खालची पापणी ताणलेली आहे, ओठ बोलताना असतात तसे आहेत.

तो जिवंत होता का?

तुझी वहिनी पंधरा दिवस भावाकडे गेली आहे. ती यायच्या आत मला हे कळायला हवं.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

होय.

त्या बहिणीनं सांगितलं ते सगळं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

एका शाळेच्या शेडमध्ये डॉक्टर एकच होता आणि जखमी शंभरावर. ज्यांचं काही होण्यासारखं होतं त्यांना आत नेत होते. ज्यांचं काही होण्यासारखं नव्हतं त्यांना बाहेर भिंतीशी ओळीनं ठेवत होते. स्ट्रेचरवाल्याचंच ते काम होतं. दादाला पोटात लागलं होतं. तो शुद्धीवर होता. संध्याकाळी गाड्या बंद झाल्या, आणायला कुणी उरलं नाही, तेव्हा स्ट्रेचरवाला आत जाऊन झोपायचं सोडून त्या सहा जणांपाशी येऊन बसला. त्याच्या पिशवीत एक जुना पत्रा आणि सुई होती. त्यांतल्याच एकानं विचारलं, तू काय करायचास आधी? हा म्हणाला, चित्रं छापायचो. मग पुढच्यानं, म्हणजे दादानं, विचारलं की एका पत्र्यातून किती निघतात. हा म्हणाला, पुष्कळ. दादा म्हणाला, “मग आमचं काढ. सहा काढ आणि सहा घरी पाठव. बेपत्ता म्हणून कळवतील हे, आणि माझी आई वाट बघत बसेल.”

त्यानं सगळ्यांना स्थिर राहायला सांगितलं. ते बहुतेक तसेच होते. कान नीट दिसावा म्हणून दादानं स्वतः मान वळवली. म्हणाला, यावरून ती ओळखेल.

सकाळी पळापळ झाली. पत्ते विचारायचे राहून गेले होते. घरी आल्यावर तो म्हणायचा, कुणाला पाठवू? आणि छापलं की ते पुन्हा माझ्याकडे बघणार. त्यानं त्या पत्र्याला शाई लावलीच नाही. ज्यासाठी कोरला तेच अकरा वर्षं राहून गेलं. हे ऐकताना मी त्या बहिणीच्या घरात जमिनीवरच बसले. तिनं मला उठवलं नाही, तीही शेजारी बसली.

मावशी, तुझ्यासाठी एक केलंय. ताजा ठसा निघाला की त्याची शाई ओली असते. त्यावर दुसरा ओलसर कागद ठेवून पुन्हा रुळाखालून काढला की त्या दुसऱ्या कागदावर चित्र परत उलटतं, म्हणजे सुलट होतं. पत्र्यावर आहे तसं, त्यानं समोर बघितलं तसं. शाई निम्मीच येते, चित्र फिकट असतं. बाई म्हणाल्या, हा काही खरा ठसा नव्हे, असले कागद आपण तपासून फेकून देतो, प्रदर्शनात लावत नाही. मी तो फेकला नाही. सोबत पाठवते आहे. यात तो तुझ्याकडे बरोबर बाजूनं बघतोय.

खारूताई


१६ एप्रिल

खारूताई,

फिकट कागद मिळाला. तो मी उशीखाली ठेवला नाही, कपाटात ठेवला नाही. जेवायच्या टेबलावर ठेवला आणि वहिनी घरात शिरल्यावर तिला म्हटलं, बस. पहिला ठसाही शेजारी ठेवला.

तिनं दोन्ही बघितले. रडली नाही. मला विचारलं, “हा पहिला तुमच्याकडे कधीपासून आहे?” मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. ती उठली, गॅस बंद केला, आणि आतल्या खोलीत जाऊन तिनंही कडी लावली. बाहेर आल्यावर तिनं मला जेवायला वाढलं आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अजून बोलत नाही. तुझ्यावरही तिचा राग आहे, तू तिला लिहिलेलं पत्र तिनं माझ्यापुढे ठेवलं. दोघींनी तो सोसायचा. कंपाउंडरला मीच जाऊन सांगितलं की बदलीच्या आधी येऊन तिला नीट विचार, आणि हो म्हणाली तर माझ्या परवानगीसाठी थांबू नकोस. ती जाईल. घर खायला उठेल, ते उठू दे.

आता जे तुला सांगायला हवं ते सांगते.

लिफाफा उघडला त्या क्षणी मी त्याला ओळखलं होतं. कान नंतर बघितला. माझे वाकडे टाके मला ओळखू येणार नाहीत का? ते उलटे केले तरी वाकडेच. पण मी त्याचे डोळे बघितले, आणि मला कळलं की तो जिवंत आहे आणि बाहेर भिंतीशी आहे. बाहेर भिंतीशी कुणाला ठेवतात ते मला कळतं. कारखान्याला आग लागली होती त्या दिवशी आम्हीही अशांचे पलंग व्हरांड्यात ढकलले होते. त्या व्हरांड्यात माझा मुलगा आहे हे मला बघवेना. मग मी शोधायला लागले. काहीतरी सापडावं म्हणून कागद उजेडात धरला, आणि कान उजवा निघाला. बुडत्याला काडीचा आधार, तसा मी तो कान धरला. तुला लिहिलं, तो नाही. लिहिलं की ते खरं वाटायला लागतं. तू उलट-सुलट समजावलंस तेव्हा मला आणखी बरं वाटलं. सुनेला मी त्या एका कानावर दोन महिने अडकवून ठेवलं.

स्ट्रेचरवाल्याला मी नाही नाही ते बोलले. तो बसला होता, खारूताई. आम्हाला त्या व्हरांड्यात बसायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. माझ्या पोराजवळ त्या संध्याकाळी कुणीतरी बसलं होतं, त्याच्या चेहऱ्याकडे इतकं नीट बघत होतं की रेघ चुकली नाही. त्याच्या बहिणीला माझा नमस्कार सांग. मी स्वतः येईन म्हणावं.

आता तुमच्या प्रदर्शनाचं. त्या भिंतीशी अजून पाच जण आहेत. मी भिंग लावून बघितलं. एकाच्या भुवईवर व्रण आहे, एकाचं एक बोट तुटकं आहे, एकाच्या गालावर मोठा तीळ आहे. पाचही जण काढणाऱ्याकडे तोंड करून आहेत, दाखवता येईल ते दाखवतायत. मे महिन्यात तुमच्या भिंतीसमोर त्यांच्यापैकी कुणाची तरी आई उभी राहील, कुणाची बायको राहील. ती त्याला ओळखेल, पहिल्या क्षणीच ओळखेल. आणि मग ती तेच करेल जे मी केलं. तीळ कुठल्या गालावर आहे ते बघेल.

तुमच्या बाईंना सांग, एक नर्स म्हणाली, फिकट कागद खरा ठसा नसेल तर नसो. तुमचा मखमली ठसा लावा, पण त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत फिकट कागद लावा, आणि खाली लिहा की हा सुलट आहे. बाई ऐकत नसतील तर मला कळव, मी येऊन त्यांच्यासमोर उभी राहते. त्या आईला ‘हा माझा नाही’ म्हणत घरी परत जायला निमित्त मिळू देऊ नकोस.

मावशी